मनातली जात कोणत्या काट्यावर मोजायची?

खैरलांजीचा निकाल भंडाऱ्याच्या न्यायालयात सप्टेंबर २००८ मध्ये लागला. मोहाडी तालुक्यातल्या या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली होती. आठ जण दोषी ठरले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. पण ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम टिकलं नाही. एका मारहाणीच्या प्रकरणात या कुटुंबाने साक्ष दिली, त्याचा हा सूड होता, असं न्यायालयाचं मत पडलं. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. जातीचं कारण तिथेही मान्य झालं नाही.

हे आज पुन्हा काढायला एक कारण आहे. माणसाच्या मनात दडलेला, त्याला स्वतःलाही न कळलेला पूर्वग्रह कॉम्प्युटरवर मोजता येतो, असं गेली पंचवीस-एक वर्षं सांगितलं जातंय. कंपन्यांच्या, अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ही चाचणी वापरली जाते. खैरलांजीत जे झालं ते काही नकळत झालं नव्हतं, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण प्रश्नाचं मूळ एकच आहे: दुसऱ्याच्या मनात काय आहे हे सिद्ध कसं करायचं?

त्या चाचणीचा इतिहास थोडक्यात असा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे ती घरोघरी नेण्यात माहझरीन बानाजी यांचा मोठा वाटा. त्या मूळच्या आपल्या सिकंदराबादच्या. चाचणी सोपी आहे. पडद्यावर चेहरे आणि शब्द येतात. आधी गोरे चेहरे आणि चांगले शब्द यांना एकच बटण, काळे चेहरे आणि वाईट शब्द यांना दुसरं. मग जोड्या उलट करायच्या. उलट जोडीला बोट जितकं अडखळेल तितका पूर्वग्रह जास्त, असा हिशोब. हे अडखळणं सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

कल्पना हुशारीची होती, यात वाद नाही. तोंडी विचारलं तर "आम्ही जातपात मानत नाही" असंच सगळे सांगतात. मग तोंड सोडून बोटालाच विचारलं.

अडचण पुढे आली. आपल्याकडे धान खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो. समजा मशीनने एकाच कट्ट्याचा ओलावा सकाळी १४ दाखवला आणि दुपारी १९, तर शेतकरी ते मशीन मान्य करेल काय? या चाचणीचं तसंच काहीसं होतं. त्याच माणसाने काही दिवसांनी पुन्हा दिली तर दोन निकालांचा मेळ मध्यमच बसतो. सहसंबंध ०.५ च्या आसपास येतो. हजारो लोकांची सरासरी काढली तर समाजाचा कल थोडाफार दिसतो. पण "हा शिक्षक जातीयवादी, हा नाही" असा शिक्का मारायला तो काटा चालत नाही. हे फक्त विरोधक म्हणतात असं नाही. २०१५ मध्ये ग्रीनवाल्ड, बानाजी आणि ब्रायन नोसेक यांनीच लिहिलं, की एकेका माणसाचं वर्गीकरण या चाचणीवरून केलं तर चुका फार होतील.

दुसरी अडचण त्याहून मोठी. बोट अडखळलं ते माझ्या द्वेषामुळे, की समाज काय बोलतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे म्हणून? चाचणीला हे वेगळं करता येत नाही. आणि २०१९ मध्ये ४९२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की चाचणीतला आकडा प्रशिक्षणाने थोडा हलवता येतो, पण त्यामुळे माणसाचं वागणं बदलतं याचा पुरावा मिळत नाही. म्हणजे आकडा सुधारला, माणूस तिथेच.

मग पूर्वग्रह मोजताच येत नाही का? येतो. पण त्यासाठी मनात डोकावायची गरज नाही. कृती मोजायची.

अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये हेच केलं. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा: उच्चवर्णीय, दलित, मुस्लिम. उच्चवर्णीय नाव १ धरलं तर पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याच्या संधीचं गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं. कुणाचं मन उघडावं लागलं नाही. लिफाफ्यांनीच सांगितलं.

हे सगळीकडे सारखंच दिसेल असंही नाही. २००९ मध्ये छापलेल्या दिल्लीतल्या अशाच एका प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत असा फरक आढळला नाही. म्हणूनच जिथला प्रश्न असेल तिथेच मोजावं लागतं.

आणखी एक प्रयोग २०१२ चा, रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर विद्यार्थ्याची जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची मानलेली जात लिहिली की गुण थोडे घसरत. धक्का देणारी गोष्ट अशी, की ही घसरण मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतल्याच शिक्षकांच्या तपासणीत दिसली. त्या शिक्षकांच्या मनात नेमकं काय होतं, ते कोणी सांगू शकत नाही. गुण मात्र कागदावर आहेत.

आता पुन्हा कायद्याकडे येऊ. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात एक कलम होतं, ३(२)(पाच). दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा पीडित दलित किंवा आदिवासी आहे "या कारणावरून" झाला, हे सिद्ध करायचं. म्हणजे आरोपीच्या मनातलं कारण दाखवायचं. सूड म्हटलं, धुऱ्याचं भांडण म्हटलं, की जात बाजूला पडायची. खैरलांजीतच नाही, देशभरच्या कितीतरी खटल्यांत हे झालं.

२०१५ च्या दुरुस्तीने हे शब्द बदलले. २६ जानेवारी २०१६ पासून पीडिताची जात "माहीत असताना" गुन्हा केला, एवढं पुरतं. आणि आरोपीची त्या कुटुंबाशी ओळख असेल तर जात माहीत होती असंच न्यायालय धरून चालेल. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. आपल्या खेड्यात कोणाची जात कोणाला माहीत नसते, सांगा बरं? मन मोजण्याचा नाद सोडून कायदा दिसणाऱ्या गोष्टीकडे वळला.

कुणी म्हणेल, मग साधं भांडणही ॲट्रॉसिटी होईल. हे कलम दहा वर्षांवरच्या गुन्ह्यांपुरतं आहे, साध्या भांडणाचं नाही. खैरलांजीला मात्र या दुरुस्तीचा उपयोग नव्हता. ती दहा वर्षं उशिरा आली.

म्हणून प्रशिक्षणात चाचणी घेऊन "तुमचा स्कोअर इतका" असं सांगणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, स्कोअर राहू द्या. दहावीच्या लेखी पेपरवर नाव नसतं, ही चांगली सोय आहे. पण अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेतच, चेहरा बघून पडतात. कोणत्या शाळेत कोणाला किती पडतात, ते मांडून बघा. ठाण्यात तक्रार कोणत्या दिवशी आली आणि ॲट्रॉसिटीचं कलम कोणत्या दिवशी लागलं, या दोन तारखांतलं अंतर बघा. ग्रामपंचायतीची नळजोडणी कोणत्या टोळीत आधी पोचली आणि कोणत्या टोळीत शेवटी, ते रजिस्टरला लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्जाची फी दहा रुपये.