कराची ते मुंबई : 875 किलोमीटर

दोन विमानतळांमधलं अंतर काढायला चार आकडे पुरतात. दोन्हीकडचे अक्षांश आणि रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर धरायची आणि सगळं हॅव्हरसाइन नावाच्या सूत्रात टाकायचं. आठ-दहा ओळींचा कोड. मी पोटापाण्यासाठी कोडच लिहितो, त्यामुळे अशी सूत्रं मला आवडतात. कराची आणि मुंबईसाठी उत्तर येतं सुमारे 875 किलोमीटर. आजच्या जेट विमानाला हे अंतर म्हणजे फार तर दीड तास.

आता याच मार्गाचा इतिहास बघा.

15 ऑक्टोबर 1932. सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून 'पस मॉथ' हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. सोबत सुमारे 25 किलो टपाल. वाट दाखवायला रेडिओ नाही, हिशेबाला स्लाइड रूल. अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं, तेही बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधलं. दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी विमान जुहूला टेकलं. एकूण सव्वासात तास. भारतातल्या टाटांच्या विमानसेवेची सुरुवात ती हीच.

त्या दिवशी विमानानं कोणतीही सीमा ओलांडली नव्हती, हे आपण विसरतो. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा प्रांत झाला 1 एप्रिल 1936 रोजी. म्हणजे कराची ते मुंबई हा एकाच इलाख्यातला प्रवास होता.

पुढे 1947 मध्ये मध्ये सीमा आली. सिंधमधून निघालेले हजारो लोक कल्याणजवळच्या छावणीत राहिले आणि त्या छावणीचं उल्हासनगर झालं. घर तिकडे, आयुष्य इकडे. दोन देशांमधली विमानं 1971 च्या युद्धानंतर थेट 1976 मध्ये सुरू झाली. 1982 मध्ये, पहिल्या उड्डाणाला 50 वर्षं झाली तेव्हा, 78 वर्षांच्या जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' या जुन्या विमानातून पुन्हा कराची-मुंबई केलं. 2002 च्या सुरुवातीला विमानं पुन्हा थांबली, ती दोन वर्षांनी सुटली. एप्रिल 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं.

आता कराचीहून मुंबईला यायचं, तर एक वाट दुबईवरून आहे. कराची-दुबई सुमारे 1,190 किलोमीटर, दुबई-मुंबई सुमारे 1,930. बेरीज 3,100 च्या वर, म्हणजे साडेतीन पट. हवेतलेच जवळपास पाच तास. त्यात दुबईत अडीच तास थांबावं लागलं, तर 1932 चा सव्वासात तासांचा प्रवास याहून लवकर झाला म्हणायचा! आणि व्हिसा मिळेपर्यंतचे दिवस मी यात धरलेलेच नाहीत.

इंजिनं सुधारली, वेग सुमारे पाचपट झाला, बैलगाडी गेली. तरी वेळ वाढला. उल्हासनगरच्या एखाद्या आजोबांना आपली कराचीतली गल्ली बघायची असेल, तर त्यांना अडवणारे हे 875 किलोमीटर नाहीत. अंतराचं सूत्र भूगोलावर चालतं. प्रवासाला किती वेळ लागेल, हे या मार्गावर इतिहास ठरवतो.