तुम्ही मूळचे आमचेच

वचनाला जपानीत 'याकुसोकु' म्हणतात, कोरियनमध्ये 'याक्सोक'. ग्रंथालय तिकडे 'तोशोकान', इकडे 'दोसोग्वान'. हे शब्द मुळात चिनी अक्षरांचे. वाक्यरचनाही जुळते, दोन्हींत आपल्या मराठीसारखं क्रियापद शेवटी. तरीही या दोघी एकाच आईच्या लेकी आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांना आजवर सिद्ध करता आलेलं नाही.

राजघराण्यांचं नातं मात्र जुनं. जपानच्या सम्राट कान्मूची आई कोरियातल्या बेक्जेच्या राजवंशातली होती, याचा उल्लेख सम्राट अकिहितो यांनी २००१ मध्ये स्वतः केला.

पण नात्याचा वापर कोण कशासाठी करतो, हे पाहावं लागतं. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. त्याच वर्षी कानाझावा शोझाबुरो या जपानी पंडिताचं, दोन्ही भाषांचं मूळ एकच असल्याचं सांगणारं पुस्तक आलं. राज्यकर्त्यांना हे सोयीचंच होतं. तुम्ही मूळचे आमचेच, मग वेगळी भाषा हवी कशाला? (पूर्वज एक असल्याचं सांगत येणाऱ्यांची ओळख आपल्यालाही आहे.) १९३८ मध्ये शाळांत कोरियन ऐच्छिक झाली आणि लवकरच शिकवणंच थांबलं. १९४० पासून जपानी धाटणीची नावं घ्यायला लावली.

१९४२ मध्ये कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींची धरपकड झाली. दोघे तुरुंगातच वारले. हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं होतं. ते सापडलं सप्टेंबर १९४५ मध्ये, सेऊल स्टेशनच्या गोदामात. दोन वर्षांनी कोशाचा पहिला खंड छापून आला.