बंबाचें धुराडें

तांब्याचा बंब महाराष्ट्रांतील अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या तापत आला. पोटांतून उभी गेलेली नळी, तळाशीं निखारे, भोंवतीं पाणी आणि वर धूर जाण्यास वाट, एवढीच त्याची रचना. हा बंब बहुधा परसांत किंवा पडवींत मांडीत. त्यामागें शास्त्र नव्हतें. होती ती डोळ्यांची चुरचूर. धूर कोंडला कीं ठसका लागे आणि माणूस आपण होऊनच बाहेर पळे. धूर त्रासदायक खरा, परंतु एका अर्थीं तो घरचा राखणदारच होता. पुढें सरपणाची जागा गॅसनें घेतली, धूर दिसेनासा झाला, आणि त्याबरोबर हा राखणदारहि नाहींसा झाला. गॅसवर पाणी तापविण्याच्या यंत्राचा इतिहास म्हणजे त्या राखणदाराची जागा भरून काढण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

ह्या इतिहासाचा आरंभ लंडन शहरीं झाला. तेथें दगडी कोळशापासून काढलेला गॅस नळानें घरोघरीं येत असे. 1868 सालीं बेंजामिन वॉडी मॉन ह्या रंगकाम करणाऱ्या कारागिरानें त्या गॅसवर चालणाऱ्या एका यंत्राचें पेटंट घेतलें. आइसलंडांतील उष्ण पाण्याच्या कारंजावरून त्यानें यंत्राला ‘गीझर’ हें नांव दिलें. वरून थंड पाणी नळ्यांतून उतरे, खालच्या ज्योतींची ऊब त्यास मिळे, आणि पाहतां पाहतां ऊन पाणी टबांत पडूं लागे. युक्ति मोठी नामी होती. पण तींत एक उणीव राहिली. जळलेला गॅस न्हाणीघराबाहेर नेणारें धुराडेंच ह्या यंत्राला नव्हतें.

ही उणीव किती घातक, हें समजण्यास ज्वलनाची क्रिया ध्यानांत घेतली पाहिजे. गॅसला भरपूर प्राणवायु मिळाला, तर तो निळ्या ज्योतीनें पुरता जळतो. प्राणवायु अपुरा पडला, तर ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचें विष उत्पन्न होतें. त्याला ना रंग, ना वास. तें रक्तावर कसा घाला घालतें, हें फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनीं 1857 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत दाखवून दिलें. पुढें जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं हा वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपले आणि 1895 सालीं ते प्रसिद्ध केले. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां ह्या विषाला दोनशें पटींहून अधिक घट्ट धरतें. त्यामुळें श्वास चालू असूनहि शरीर प्राणवायूवांचून उपाशी राहतें. आधीं डोकें दुखतें, मग गुंगी येते, पाय लटपटतात; आणि धोका उमगेपर्यंत दाराची कडी काढण्याचेंहि बळ उरत नाहीं. हॉल्डेन यांनींच खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची सूचना केली; कारण माणसाच्या आधीं तो इवलासा पक्षी कोसळे. हरपलेल्या राखणदाराच्या जागीं खाणीला एक नवा राखणदार मिळाला. न्हाणीघराला मात्र तो मिळावयाचा होता.

यंत्र सुधारत गेलें. मूळचे नॉर्वेचे एडविन रूड यांनीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें 1889 सालीं आपोआप पेटणारा व विझणारा, टाकी असलेला तापक तयार केला. जर्मनींत डेसाउ येथें ह्यूगो युंकर्स यांनीं 1895 सालीं गॅसचे बंब बनविण्याचा कारखाना काढला. धातूच्या विमानांमुळें त्यांचें नांव पुढें जगभर झालें. परंतु यंत्र कितीहि उत्तम असलें, तरी त्याला हवा कोठून मिळते आणि त्याचा उच्छ्वास कोठें जातो, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या भिंतीपाशीं नव्यानें उभा राही.

ब्रिटनमध्यें 1967 ते 1977 ह्या दशकांत कोळशाचा गॅस जाऊन समुद्रतळाचा नैसर्गिक वायु आला. जुन्या गॅसमध्यें मूळचेंच विष असे; नव्यांत तें नव्हतें. तरीहि धोका टळला नाहीं, कारण हवा अपुरी पडली कीं निर्दोष गॅसमधूनहि तेंच विष निपजतें. तेथील 1998 च्या नियमांनींहि न्हाणीघरांत खोलीची हवा न घेणारें, म्हणजे बाहेरूनच हवा ओढून बाहेरच सोडणारें बंदिस्त यंत्र असेल, तरच तें बसविण्यास मुभा ठेवली. मॉनच्या यंत्रांतील उणीव कायद्यानें अशी भरून काढली.

मुंबईंत सिलिंडरचा गॅस 1955 सालीं आला, आणि कालांतरानें शहरांतील सदनिकांत गॅसचा गीझरहि आला. परस गेलें, पडवी गेली. बंब मात्र थेट न्हाणीघराच्या भिंतीवर चढला. साधा हिशेब पाहावा. साठ लिटर पाणी पंचवीस अंशांनीं तापविण्यास सुमारें 160 ग्रॅम गॅस लागतो, आणि तेवढा गॅस जळण्यास सुमारें दोन घनमीटर हवा. लहानसें न्हाणीघर अवघें चार-पांच घनमीटरांचें. दार-खिडकी लावून एकानें स्नान केलें, तर तेथील निम्म्याच्या आसपास हवा ज्योतच पिऊन टाकते. दुसऱ्याची पाळी येते ती उरलेल्या हवेवर. गॅस गळल्यास कळावें म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मिसळतात. पण ज्योतींत तेंहि जळून जातें, म्हणून जळलेला गॅस कांहींच खूण देत नाहीं.

म्हणून जाणत्या कारागिराचा पहिला प्रश्न यंत्राच्या किंमतीचा नसतो, जागेचा असतो. धुराडें नसलेला गीझर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या सज्जांत बसवितो आणि आंत केवळ ऊन पाण्याची नळी नेतो. धुराडें असेल, तर त्याचें तोंड थेट आकाशाखालीं काढतो आणि हवा येण्याचा झरोका कधींहि बुजूं देत नाहीं. सांधे तो साबणाच्या फेंसानें तपासतो, काडी ओढून नव्हे. ज्योत पिवळी दिसली, तर यंत्र बंद करून दुरुस्त करवितो. आणि स्नान करतांना कोणास भोंवळ आली, तर आधीं त्यास उघड्या हवेंत नेणें व लगेच वैद्यकीय मदत मिळविणें, हें घरांतील सर्वांस ठाऊक असलें पाहिजे.

जुन्या घरांत बंब बाहेर ठेवीत, तो डोळ्यांना धूर झोंबे म्हणून. आतां डोळ्यांना कांहीं झोंबत नाहीं. म्हणून जें काम पूर्वीं धूर करी, तें आज माणसाच्या शहाणपणानें केलें पाहिजे.