जुन्या मोटारीचें एंजिन : जीर्णोद्धार कीं बदल?

जीर्ण देवळाचा जीर्णोद्धार करावा कीं तें पाडून नवें बांधावें, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. गतवर्षीं तो माझ्या दारांत येऊन उभा राहिला. वडिलांनीं १९६९ सालीं घेतलेली फियाट ११०० निळा धूर ओकूं लागली. कारागीर माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, हें एंजिन काढूनच टाकूं. एखादें नवें जपानी एंजिन बसवतों, म्हणजे कटकट मिटली."

उत्तर देण्यापूर्वीं मीं त्या एंजिनाचा इतिहास चाळला. इटलींतील तुरीनच्या फियाट कंपनीनें तें १९३७ सालीं प्रचारांत आणलें. चार सिलिंडर; प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धांव ७५ मिलिमीटर. हिशेब केल्यास १०८९ घन सेंटिमीटर येतात. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें ही गाडी बनूं लागली. तिलाच नंतर पद्मिनी हें नांव मिळालें. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पद्मिनीच्या पेट्रोल एंजिनाचीं मापें तींच राहिलीं.

ह्या दीर्घायुष्याचें एक कारण दुरुस्तींत आहे. घर्षणानें सिलिंडर अंडाकृति झिजतो, तेल वर चढून जळतें. तोच निळा धूर. परंतु ओतीव लोखंडाचा ब्लॉक कांतून पुन्हां गोल करतां येतो व किंचित् मोठे पिस्टन बसवितां येतात. व्यास ०.६ मिलिमीटर वाढला, तर १०८९ चे सुमारें ११०९ होतात, एवढाच फरक. पुनःपुन्हां कांतून भिंत पातळ झाल्यास आंत लाइनर बसवितात. ब्लॉकच तडकला, तर मात्र इलाज बहुधा खुंटतो.

ज्याचें पोट गाडीवर आहे त्यानें तयार एंजिन बसवावें. त्याला दोष देणें अन्यायाचें होईल. पण घरीं जपलेल्या गाडीची गोष्ट निराळी. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेव येथें नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरतांच, २०२३ च्या ऑक्टोबरांत, त्या टॅक्सींचें युग संपलें. आतां अशी प्रत्येक गाडी म्हणजे इतिहासाचें एकेक अस्सल पान आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनींही पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांस स्वतंत्र नोंदणी दिली. एंजिनांत मोठा फेरफार केला, तर तो मान जातो.

म्हणून मी विद्यार्थ्यास म्हणालों, "आधीं मोज, मग बोल." त्यानें एंजिन उघडलें. ब्लॉकास तडा नव्हता. झीज कांतून निघण्यासारखी होती. मग सिलिंडर कांतले, नवे पिस्टन व रिंगा घातल्या, क्रँक घासून नवीं बेअरिंगें बसविलीं. तीन आठवडे गेले, आणि खर्चही थोडा झाला नाहीं. परंतु ब्लॉकावरील क्रमांक वडिलांच्या कागदांतील क्रमांकाशीं आजही जुळतो.

निर्णयाचा क्रम एवढाच : प्रथम माप, मग गाडीचा उपयोग, शेवटीं पैसा. आपण बहुधा उलट्या टोंकानें आरंभ करतों.

गाडी परत आली त्या संध्याकाळीं वृद्ध आई माजघरांत होती. फाटकापाशीं एंजिनाचा आवाज होतांच तिनें आंतूनच विचारलें, "आली का रे आपली गाडी?"