बाबा, मोर्तब आणि सहा आकडे

बावधनात राहायला आल्यापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. "कुठलं बावधन?" कुरिअरवाला विचारतो, बुद्रुक की खुर्द? आमचे नातेवाईक वाईकडचे, त्यांना बावधन म्हटलं की वाई तालुक्यातलं, रंगपंचमीच्या बगाडाचं बावधनच आठवतं. मग मी सांगतो, "अहो ते नाही, चांदणी चौकाजवळचं, मुळशीच्या वाटेवरचं." थोडक्यात काय, नुसत्या नावाने ओळख पटत नाही, बरोबर आणखी एक खूण लागते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या शनिवारी मी बाबांच्या फोनवर टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन लावत बसलो होतो. दहा मिनिटांचं काम. लागले अडीच तास. त्यातली सव्वादोन तास चर्चा झाली, आणि इतिहासात डोकावायची हौस असल्यामुळे ती थेट शिवकाळापर्यंत गेली. तीच इथे मांडतोय.

आधी पार्श्वभूमी. बाबा उपकोषागारातून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याच दिवसांत त्यांना एक फोन आला. "दाखला अपडेट झालेला नाही, पेन्शन थांबेल, मोबाईलवर आलेला आकडा सांगा." बाबांनी सांगितला. अडतीस हजार गेले. याहून वाईट म्हणजे त्यांनी आठ दिवस आम्हाला कळूच दिलं नाही. १९३० या हेल्पलाईनवर लगेच तक्रार केली तर पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. आठ दिवसांनी काय डोंबल मिळणार!

मी चिडलोच होतो. "बाबा, तुम्ही आयुष्यभर सरकारी तिजोरी सांभाळलीत आणि..." पुढचं वाक्य गिळलं.

सरकारी कोषागाराच्या स्ट्राँगरूमला दुहेरी कुलूप असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगळी माणसं. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. बँकेतल्या लॉकरचंही तेच, एक किल्ली आपली, एक बँकेची. म्हणजे टू-फॅक्टर ही कल्पना बाबांना मी शिकवायची गरजच नव्हती. उलट त्यांनीच मला विचारलं, "हे तुमच्या कंप्युटरवाल्यांनी शोधलं असं तुला वाटतं का?"

नाही वाटत. आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द घ्या, शिक्कामोर्तब. पेपरात रोज येतो, 'उमेदवारीवर शिक्कामोर्तब'. आपण तो एकच शब्द समजतो, पण त्यात दोन आहेत, शिक्का आणि मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वरच्या बाजूला मुख्य मुद्रा असते, आणि मजकूर संपतो तिथे दुसरी, लहान मुद्रा. तिचा अर्थ एवढाच की पत्राची मर्यादा इथे संपली. पेशव्यांच्या पत्रांवर याच कामासाठी 'लेखनसीमा' असा शिक्का दिसतो. पहिला शिक्का सांगतो पत्र कोणाचं, दुसरा सांगतो याच्याखाली कोणी काही लिहिलं असेल तर ते आमचं नाही. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांना चिकटवत, तेव्हा मागच्या बाजूला जोडावरही शिक्का उमटवत. मधला बंद काढून दुसरा चिकटवला तर शिक्क्याचे दोन अर्धे भाग जुळणार नाहीत. साधी युक्ती, पण काय बिशाद कोणाची!

रांझ्याच्या पाटलाने केलेल्या बदअमलाबद्दलचं १६४६ सालचं पत्र प्रसिद्ध आहे. त्यावर महाराजांची ती संस्कृत मुद्रा आहे. रांझे इथून फार लांब नाही, खेड शिवापूरच्या बाजूला. अशा कागदाचा भरवसा असायचा तो त्यावरच्या खुणेमुळे. महाराजांनी ते पत्र स्वतःच्या हाताने लिहिलेलं नव्हतं, पत्रं कारकून लिहीत. त्यामुळे अक्षर ओळखून काही उपयोग नव्हता.

पण इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. शिक्का आणि मोर्तब हे खऱ्या अर्थाने दोन फॅक्टर आहेत का? आमच्या धंद्यात ओळखीचे तीन प्रकार मानतात. एक, जे तुम्हाला ठाऊक आहे (पासवर्ड). दोन, जे तुमच्याजवळ आहे (फोन, कार्ड, किल्ली). तीन, जे तुम्ही स्वतः आहात (बोटाचा ठसा, चेहरा). दोन्ही शिक्के दुसऱ्याच प्रकारातले. एकाच पेटीत ठेवले आणि पेटी चोरीला गेली तर दोन्ही गेले. म्हणून महाराजांच्या व्यवस्थेत आणखी एक माणूस होता, सुरनीस, म्हणजेच सचिव. पत्र तपासायचं, मजकुरातलं कमीजास्त दुरुस्त करायचं आणि मग आपली संमतीची खूण करायची हे त्याचं काम. खरा दुसरा फॅक्टर तो. किल्ल्या दोन असून भागत नाही, त्या दोन वेगळ्या जुडग्यांत असाव्या लागतात.

आता स्वतःचा फोन बघा. बँकेचं ॲप त्याच फोनवर, ओटीपीचा एसएमएस त्याच फोनवर, ईमेलही तिथेच. आणि फोनचा पिन जन्मसाल :) दोन किल्ल्या, एकच जुडगा.

बरं, तिसऱ्या प्रकाराचं काय? माणूस समोर उभा असेल तर ओळख पटायलाच हवी ना? इथे पुण्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं ओळखचोरीचं प्रकरण आठवतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण अनेकांना ते खरं वाटेना. पत्नी पार्वतीबाई पुढे सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. अशात एक मनुष्य उगवला, "मीच भाऊ." हा सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून कैदेत टाकलं. पण १७७६ साली तो रत्नागिरीहून सुटला, तिथला अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे त्याला सामील झाला, आणि बघता बघता हजारो माणसं जमली, कोकणातले किल्ले ताब्यात गेले. शेवटी पेशव्यांच्या फौजेने त्याचा मोड केला, रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडलं आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. हेच ते तोतयाचं बंड.

एवढ्या माणसांनी त्याला भाऊ कसं मानलं? काहींना त्यात फायदा दिसला असेल. पण पानिपतात ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांना भाऊ परत यायलाच हवे होते. तोतया ओळख चोरतो ती आपल्या आशेच्या नाहीतर भीतीच्या आधाराने. बाबांना आलेल्या फोनने त्यांची भीतीच बरोबर पकडली होती. पेन्शन थांबेल!

आणि कधी कधी माणूस खरा, शिक्का खरा, पण मजकूर बदललेला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' चं 'मारावे' केलं ही आख्यायिका आपण सगळे ऐकत आलोय. ती आख्यायिकाच, पण 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार भाषेत राहून गेला याचा अर्थ लोकांना धोका नेमका कळला होता. आजही ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि ती कोणाला जाणार हे बहुतेकदा लिहिलेलं असतं. आपण आकडे तेवढे वाचतो. मजकूर वाचा हो!

चौथा प्रकार त्याहून भारी, तपासणाराच तोतया. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि चौऱ्याण्णव कोटींच्या वर रक्कम गेली. नकली कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून खोटा स्विच उभा केला होता, आणि 'हे कार्ड खरं का?' या प्रश्नाला तोच 'हो' म्हणत होता. म्हणजे सुरनिसाच्या जागीच चोराचा माणूस. असो.

भारतात ऑनलाईन कार्डव्यवहाराला जादा खूण सक्तीची झाली ती १ ऑगस्ट २००९ पासून, रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने. ओटीपी आपल्या अंगवळणी पडला तो त्यानंतर. पण एसएमएसचा ओटीपी सिमकार्डाला बांधलेला. तुमच्या नावाने दुसरं सिम कोणी काढलं की किल्ली त्याच्या हातात.

म्हणून मी बाबांच्या ईमेलला ऑथेंटिकेटर ॲप लावलं. ईमेलच आधी, कारण बाकी बऱ्याच ठिकाणचे पासवर्ड बदलायची वाट तिथूनच जाते. सेटिंग्जमध्ये सुरक्षा, तिथे टू-स्टेप, मग पडद्यावर येणारा चौकोनी क्यूआर कोड ॲपने टिपायचा. त्या चौकोनात एक गुप्त अक्षरमाळ असते. ती सर्व्हरकडे आणि फोनकडे सारखीच. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजून त्याचे तीस तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे, तो आकडा आणि ती गुप्त माळ एकत्र घुसळायची, निघतात सहा आकडे. दोन्हीकडे तेच. ना सिम लागतं, ना इंटरनेट, फक्त घड्याळ बरोबर हवं. हे गणित २०११ साली खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झालं.

बाबा बघत होते. म्हणाले, "म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला शिक्का बदलतो." अगदी बरोबर! लाकडी-धातूच्या शिक्क्याची हीच तर पंचाईत होती. एक खरं पत्र हाती लागलं की त्यावरून नकली शिक्का कोरता येतो. इथे जुना ठसा मिळून काहीच उपयोग नाही.

मग मी न राहवून विचारलंच. "बाबा, कोषागाराची किल्ली कोणी फोनवर मागितली असती तर दिली असतीत?"

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "किल्ली मागितलीच नव्हती रे. आकडा विचारला. किल्ली हातातून गेली की खिसा रिकामा लागतो. आकडा सांगून माझ्याकडचं काय गेलं ते मला कळलंच नाही."

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण ओटीपीतली खोट इतक्या सोप्या शब्दांत मला कोणी सांगितली नव्हती. जवळची वस्तू तोंडाने सांगता आली की ती वस्तू राहत नाही, नुसती माहिती होते. ऑथेंटिकेटरचे सहा आकडेही फोनवर सांगता येतातच, अर्ध्या मिनिटाच्या आत. पासकी नावाचा नवा प्रकार आहे तो यासाठीच. किल्ली फोनच्या पोटात राहते आणि ती त्याच एका संकेतस्थळापुरती चालते, सांगायला आकडाच नसतो. जिथे सोय दिसली तिथे तीही लावून टाकली.

शेवटी फोन हरवला तर म्हणून सुट्टे बॅकअप कोड छापून दिले. "हे फोनमध्ये ठेवू नका, वेगळ्या जागी ठेवा." बाबांनी कागदाची घडी घातली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं. मग पेन काढलं आणि पाकिटाच्या जोडावर, अर्धी झाकणावर अर्धी पाकिटावर येईल अशी, तारखेसकट सही केली. तीस वर्षांची सवय.

पाकीट कपाटात गेलं. कपाटाची किल्ली मात्र आईकडे असते.