मल्लखांबाची परंपरा

मल्लखांब कोणी काढला, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे बहुधा एकच उत्तर मिळते: बाळंभटदादा देवधरांनी. या उत्तरात कृतज्ञता आहे, श्रद्धा आहे. इतिहास मात्र अर्धाच आहे. उरलेला अर्धा शोधू गेल्यास तो आपल्या मराठवाड्याच्या उंबरठ्याशी येऊन पोहोचतो. म्हणूनच बीडकर श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्याचे आम्ही योजिले.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. मराठवाड्याचा बहुतेक मुलूख तेव्हा याच सत्तेखाली होता. या ग्रंथात मल्लविद्येचे वर्णन करताना मल्लांचा आहार, डावपेच यांबरोबर खांबावरची मेहनतही सांगितली आहे. पुढे गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराणा’तही ‘स्तंभश्रम’ येतो. खांब हा मुळात पहिलवानाचा मुका जोडीदार. त्याला मिठी घालून मांड्यांची व दंडांची पकड पक्की करावी, एवढाच त्याचा हेतू. मल्लाचा खांब तो मल्लखांब, हे नावच त्याची साक्ष देते.

मग बाळंभटदादांचे कार्य कोणते? दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत अली व गुलाब हे दोन पहिलवान निजामाच्या राज्यातून पुण्यास आले व त्यांनी आव्हान दिले, अशी परंपरागत कथा आहे. तरुण बाळंभटांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीपाशी उपासना केली, मारुतीच्या कृपेने नवे डाव त्यांना सुचले आणि त्यांनी अलीला चीत केले. बीड 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात होते. तेव्हा कथेच्या हिशेबाने आपण हरलेल्या पक्षाकडचे! पण ही कथा श्रद्धेची आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, जे कुस्तीचे साधन होते त्याची या पुरुषाने स्वतंत्र विद्या केली. अढी, दसरंग, फरारे, उड्या असे पद्धतशीर वळण तिला मिळाले. उगम त्यांचा नव्हे. पुनरुज्जीवन मात्र निःसंशय त्यांचे.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीरावाबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास गेली. राज्य गेले, तरी शिष्यशाखा वाढतच राहिली. बडोद्यास उस्ताद जुम्मादादांच्या आखाड्यातून राजरत्न माणिकराव तयार झाले. मुसलमान गुरू आणि हिंदू शिष्य यांची ही जोडी ध्यानात ठेवली, म्हणजे अलीच्या पराभवाची कथा सांगताना आपला स्वर आपोआप खाली येतो. अमरावतीस 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. 1936 मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. दादरचे समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासूनचे. वेताच्या मल्लखांबाची जागा पुढे सुती दोराने घेतली आणि त्यावर मुलींनी प्रावीण्य मिळविले. 2019 मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा भरली व परदेशांचे खेळाडूही तीत उतरले.

अशा विद्येचा धागा किती बारीक असतो, हे परदेशातील एका उदाहरणावरून कळेल. कोरियातील तैक्क्योन ही पारंपरिक युद्धकला जपानी अंमलात, म्हणजे 1910 ते 1945 या काळात, जवळजवळ लोपली. ती जिवंत राहिली मुख्यतः साँग देओक-गी या एका जाणत्यामुळे. 2011 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे एक माणूस नसता, तर आज केवळ नाव उरते.

आपल्याकडे ‘मानसोल्लास’ होता, तरी त्याच्या पोथीवरून कोणी खांबावर चढला नाही. मल्लखांबाला सामान तरी काय लागते? सागाचा वा शिसवीचा, वर निमुळता होत गेलेला एक खांब आणि त्याला लावायला थोडे एरंडेल. खांब सुतार करून देईल, एरंडेल बाजारात मिळेल. शिकविणारा मात्र एका पिढीने दुसरीला द्यावा लागतो. आपल्या गावात असा जाणता असेल, तर त्याच्याकडे मुलांना आणि मुलींना पाठवावे, एवढीच आमची विनंती आहे.