सावित्रीच्या पुलावरचे साडेतीन सेकंद

मे 2016. महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल तपासला जातो आणि वाहतुकीला योग्य ठरतो. पूल 1928 चा. शेजारी नवा पूल आहे, पण मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या अजून जुन्यावरूनच धावतात.

2 ऑगस्ट, दिवसभर. महाबळेश्वरच्या डोंगरात धो धो पाऊस. ते पाणी पोलादपूरवरून खाली येतं. सावित्री दुथडी भरलेली.

संध्याकाळ. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या एस.टी. गाड्या वाटेला लागलेल्या. कशेडी घाट उतरला, पोलादपूर मागे पडलं की पुढे महाड.

रात्री साडेअकराच्या सुमारास. जुन्या पुलाचा काही भाग नदीत जातो, पाठोपाठ या दोन्ही एस.टी.ही. तिथे ना लाल दिवा लागतो, ना फाटक पडतं.

आता सेकंद मोजू. गाडी ताशी 60 किलोमीटरने असेल तर एका सेकंदात साधारण 17 मीटर मागे पडतात. धोका दिसणं, मेंदूला तो उमगणं, पाय ब्रेकवर जाणं, यात पूर्ण सावध चालकाचाही दीड सेकंद जातो: 25 मीटर. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी 35. डिपरचा उजेड मात्र 40–50 मीटरच, धुवांधार पावसात त्याहून कमी. त्यात रोजचा पूल आज नाही, हे डोळ्याला पटकन पटतच नाही. त्या एस.टी.च्या चालकांकडे बोट दाखवणं अन्याय आहे.

याच हिशेबात मोबाईलकडे टाकलेली दोन सेकंदांची नजर घाला. आणखी 33 मीटर आंधळे; दीड आणि दोन मिळून साडेतीन सेकंद. गाडीतला नकाशाही इथे तारत नाही: नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशाच्या भरवशावर निघालेली गाडी अर्धवट पुलावरून रामगंगेत कोसळली, तिघे गेले.

मध्यरात्रीच्या आत. पुलाजवळच्या गॅरेजमधला एक माणूस गाडी पडताना पाहतो आणि भर पावसात रस्त्यावर येऊन पुढच्या गाड्या अडवतो. त्या रात्री महामार्गावर इशारा देणारी तेवढीच एक यंत्रणा होती.

3 ऑगस्टपासून. नौदलाचे पाणबुडे उतरतात, क्रेनला 300 किलोचं लोहचुंबक बांधून गढूळ पाण्यात गाड्या शोधल्या जातात. काही मृतदेह थेट समुद्रापर्यंत वाहून गेलेले.

5 जून 2017. कोसळलेल्या पुलाच्या जागी नवा पूल खुला होतो, 165 दिवसांत बांधलेला.

पावसाळ्यात रात्री पोलादपूर सोडाल तेव्हा मोबाईल मागच्या सीटवर टाका, वेग उतरवा. आणि अंधारात कुणी हात हलवत रस्त्यात उभा दिसला, तर आधी गाडी थांबवा.